डावी गाठ

मालकानं नखानं वहीची पाठ उसवली आणि दोऱ्याची गाठ उजेडात धरली. गाठ डावीकडे वळलेली.

"ही कोणी बांधली?"

बाइंडिंगच्या टेबलाशी बसलेल्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. तिघीही उजव्या हातानं शिवणाऱ्या. डावखुरी एकच होती, चौथी, सगळ्यांची आत्या. आणि तिला तर मालकानंच आठवड्यापूर्वी घरी बसवलं होतं. सरकारनं किमान पगार वाढवला. चौघींना नव्या दरानं द्यायचं तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. मग वयानं मोठी तिच्यावर कुऱ्हाड. बावीस वर्षं शिवत होती. त्या दिवशी सुई पुसून डबीत ठेवली आणि गेली.

पण वह्या रोज चौघींच्याच निघत होत्या. चारशे. तिघी जीव तोडून बसल्या तरी तीनशेच्या वर जायच्या नाहीत.

"आत्या चोरून येते ना? खरं सांगा."

"कुठनं येणार, मालक? कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात," थोरली म्हणाली.

"पगार वाढला तसे हातपण वाढले असतील," धाकटी फिसकन हसली आणि मधेच थांबली. रिकाम्या स्टुलापासून तिनं आपलं स्टूल जरा लांब ओढलं.

भर दुपारी मालक तडक आत्याच्या घरी. सुनेनं दार उघडलं.

"सासूबाईंना सांगा, हे असलं चालायचं नाही. फुकट राबून मला कायद्यात अडकवणार काय?"

"कसलं राबणं? त्या दिवशी आल्या, आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. चमच्यानं पाणी पाजतोय."

आत खाटेवर आत्या डोळे मिटून पडलेली. श्वास संथ. डावा हात मात्र चालू. चादरीवर बोटं वर जायची, खाली यायची, दोरा ओढायची. अंगठ्यावर ताजी चीर, दोऱ्यानं पडते तशी.



"डॉक्टर म्हणतात, अंगात काही दोष नाही, मनानं घेतलंय," सून म्हणाली. "तुमचा आवाज बावीस वर्षांच्या ओळखीचा. एक हाक मारा ना, दादा. कामावर या म्हणा. उठतील बघा."

मालक वाकला. तोंड उघडलं. समोर बोटांनी आणखी एक वही शिवून संपवली, घट्ट, सुबक, आणि लगेच पुढची धरली.

"झोपू दे बिचारीला," तो हळूच म्हणाला, आणि चपला हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता बाहेर पडला.