लाजऱ्या विमानाचं पोट

माझं शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी एक बॉम्बफेकी विमान बोलतोय. बॉम्ब टाकायच्या शाळेतून मला लवकर काढलं, म्हणून शिक्षण अर्धवट राहिलं.

कारण सांगायला संकोच वाटतो. बॉम्ब पोटात ठेवतात. ते टाकताना पोटाची दारं उघडावी लागतात, आणि चारचौघांत पोट उघडायची मला फार लाज. माझ्या पहिल्या नमुन्याचं नाक जड होतं, ते हलकं केलं. पंख अरुंद होते, ते रुंद केले. लाज मात्र कुणालाच काढता आली नाही. इंजिनिअरांनी तेल बदललं, बटणं दाबली, एकाने लाथही घातली. दारं मिटलेलीच.

शेवटी माझ्यात कॅमेरा बसवला. मग वर्षानुवर्षं मी नद्या-डोंगरांचे फोटो काढत फिरलो. बाकीची विमानं मला 'स्टुडिओवाला' म्हणायची.

निवृत्तीनंतर शिरवण्याच्या गोटीरामशेठनी मला लिलावात घेतलं. अंगणात उभं करून चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला.

त्यांच्या पत्नी सुमित्राबाई म्हणाल्या, "गाडी ठेवाला जागा नाय नि तुमी इमान आनलाव?"

"नातवाच्या हलदीला याच्या पोटातून फुलं पाडू."

"नाय पडली तं दुसरे दिशी सकालीच भंगारवाला बोलवीन."

पावसाळ्याची सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, मात्र त्या शिडी लावून, पाठीवरच्या झाकणातून माझ्याच पोटात पसरायच्या. तिथे उंदीर पोचत नाही.

हळदीच्या संध्याकाळी नंदकिशोर मेकॅनिकने त्याच झाकणातून झेंडूच्या पाट्या ओतल्या, दारांना दोर बांधला. नवरदेव तेजस हळद माखून माझ्याखाली पाटावर बसला. बेंजो थांबला. नंदकिशोरने दोर ओढला. दोर तुटला.

"शेठ, तुमच्या इमानाला एरंडेल पाजा," मांडवातून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तेजसने मान खाली घातली. मला भंगाराची भट्टी दिसू लागली.

तेव्हा सुमित्राबाई पुढे आल्या. माझ्या पोटावर हळदीचा हात ठेवून हळूच म्हणाल्या, "लाजतंस कशाला रं बाबा? समदी घरचीच मानसं हायत."

असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. माझी दारं उघडली. फुलं पडली. फुलांपाठोपाठ वर्षाची सुकट पडली.

"आगं बाय, माजी सुकट," सुमित्राबाईंनी कपाळाला हात लावला.

ओल्या हळदीला सुकट छान चिकटते. तेजस नखशिखांत सुकटीचा झाला. गोटीरामशेठच्या बहीण यशोदाबाईंनी त्याच्या गालावरची चिमूटभर सुकट चाखली. "वयनी, सुकट झ्याक हाय. कुटची?"

बेंजो सुरू झाला. बायका पदरात सुकट वेचू लागल्या.

शिरवण्याला आलात तर मला भेटा. फक्त पोटाकडे टक लावून बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आधीच सांगून ठेवलेला भंगारवाला आला. सुमित्राबाईंनी त्याला चहा पाजला, ओंजळभर सुकट बांधून दिली नि वाटेला लावलं. मग उरलेली सुकट सुपात घेऊन त्या शिडी शोधू लागल्या.

मी आपणहून दारं उघडली.