बँकेला नमस्कार

कवींची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा कुठे लोकांना त्यांची आठवण झाली. तोवर टाइपरायटरवर अक्षरं बडवून चित्रं काढणारा एक चक्रम माणूस, एवढीच त्यांची ख्याती होती. कवी शब्द ओळीत लिहीत नसत, कागदभर पसरत. ‘दार’ हा शब्द शेकडो वेळा टाइप करून दार उभं करायचे, ‘धूर’ हा शब्द वर वर विरळ करत न्यायचे. असल्या कविता करणारी माणसं देशोदेशी होती आणि ती एकमेकांना पत्रं लिहीत. आता म्हणे या प्रकाराला भाव आला होता. मोठ्या ग्रंथालयाच्या संग्रह विभागाने घरातले झाडून सगळे कागद मागितले आणि काकूंनी, म्हणजे कवींच्या बायकोने, मुकाट सही करून दिली. एक खोली मोकळी होईल, एवढाच त्यांना त्यात रस.

कागद लावायला विभागातून एक मुलगी येऊ लागली. पांढरे सुती मोजे चढवल्याशिवाय ती कशाला हात लावत नसे, म्हणून काकूंनी तिचं नाव मोजेवाली ठेवलं. पोरगी गुणाची होती. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढायची, कार्बन कॉप्यांच्या मध्ये पातळ कागद घालायची, खोक्यावर पेन्सिलीने नंबर टाकायची. मध्येच कशाने तरी हरखून जायची.

“काकू, हे बघा ना. सुरुवातीची सगळी कामं बँकेच्या स्लिपांच्या पाठीवर आहेत. म्हणजे त्यांनी मुद्दाम व्यवस्थेचा कचरा निवडला असणार.”

“तो कचरा मी आणायचे,” काकू म्हणाल्या. “मी बँकेत कॅशियर होते. छपाई चुकलेल्या स्लिपा फेकायला निघाल्या की पिशवीत घालून घेऊन यायचे. निवडतोय कोण? दुसरा कागद होता कुठे घरात?”

मोजेवालीने तेही टिपून घेतलं.

टाइपरायटरसुद्धा बँकेचाच. जुनी यंत्रं मोडीत निघाली तेव्हा काकूंनी साहेबांच्या मागे लागून त्यातलं एक मिळवलं आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन घरी आणलं. मांड्यांवर वळ उठले होते. कवी लग्नाच्या वेळी ‘सध्या’ नोकरी करत नव्हते. ते सध्या जन्मभर टिकलं. काकूंची त्याबद्दल तक्रार नव्हती. आपण एका वेगळ्या माणसाला जगवतोय, असं त्यांना वाटे, आणि वाटण्यातच त्यांचं निम्मं आयुष्य बरं गेलं होतं.

पत्रांची खोकी सगळ्यात शेवटी निघाली. कवी घरात कितीही गबाळे असले तरी पत्रांच्या बाबतीत काटेकोर होते. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन कॉपी जागच्या जागी. मोजेवाली जमिनीवर बसून वाचत होती आणि काकू पलीकडे कवींसाठी फळं कुस्करत होत्या.

“काकू, यात सारखी एक बँक येते. कुठली हो ही?”

“माझीच असणार. दुसरी कुठली?”

“नाही, जरा वेगळंच आहे. ऐका. ‘काल बँकेला ताप होता, त्यामुळे चहासुद्धा मलाच करावा लागला.’ आणि पुढे, ‘बँक परवा रुसली होती, आज व्यवहार पूर्ववत सुरू.’”

वाचताना तिला हसू येत होतं. मग ते मध्येच विरलं. तिने मान वर केली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

काकू हात पुसत आल्या. त्यांनी तो कागद उघड्या हातांनीच उचलला आणि मोजेवालीने त्यांना अडवलं नाही.

त्या दिवशी काकूंनी फाइलच्या फाइल वाचून काढली. वर्षानुवर्षं त्या बँक होत्या. बँक उशिरा आली, बँक घोरते, बँकेला कविता कळत नाहीत पण बँक दर महिन्याला उघडते. समोरून येणाऱ्या पत्रांच्या शेवटी ठरलेली ओळ, ‘बँकेला नमस्कार सांग.’ ज्यांची तोंडंही काकूंनी पाहिली नव्हती, अशी माणसं आपापल्या गावात बसून त्यांना हसत होती.

एकाचं तोंड मात्र पाहिलं होतं. तो दाढीवाला मित्र एकदा त्यांच्याकडे राहायला आला होता आणि चांगला मुक्काम ठोकून होता. रोज संध्याकाळी काकू दारातून आत आल्या की तो विचारायचा, “काय वहिनी, बँक काय म्हणते?” काकू चपला काढता काढता खरंखुरं उत्तर द्यायच्या. “बरी आहे हो, पण वर्षअखेर आहे ना, उभं राहून पाय गेले.” त्यावर दोघे मित्र खो खो हसायचे. ते हसले म्हणून काकूही हसायच्या, आणि त्याला आग्रहाने वाढायच्या. वाचताना आता ते हसणं, स्वतःचं, त्यांच्या अंगावर आलं.

पण खरा घाव कवींच्याच एका पत्रात होता. काकूंचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या दवाखान्यात पडून होत्या, त्या आठवड्यातलं पत्र. ‘बँकेत नवं खातं निघणार होतं, ते उघडण्याआधीच बंद झालं,’ एवढंच एक वाक्य. खाली बारीक ‘ब’ची चौकट आणि मधोमध मोकळी जागा. हीच चौकट पुढे त्यांनी मोठ्या कागदावर केली. ‘खातं’ नावाची त्यांची सगळ्यात गाजलेली कलाकृती. ती जेवणाच्या टेबलासमोर इतकी वर्षं टांगलेली होती, आणि काकू तिच्यावरची धूळ पुसत आल्या होत्या. त्यांना वाटायचं, आपल्या नोकरीचं कौतुक म्हणून केली असेल.

“त्यांना सरळ बोलता आलं नसेल,” मोजेवाली हळूच म्हणाली. “दुःख झालं असेल म्हणूनच—”

“त्यांना शब्दांची काय वाण होती गं?”

मोजेवालीने मोजे काढून ठेवले.

संध्याकाळी काकूंनी कवींना भरवलं, तोंड पुसलं आणि ती कॉपी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. “अहो, हे तुम्ही लिहिलंत?”

कवींनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग त्यांच्या डाव्या डोळ्यातून आणि पाठोपाठ उजव्यातून धारा लागल्या. काकू बघत राहिल्या. झटका आल्यापासून त्यांना कशानेही रडू येत असे. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की त्या रडण्याचा अर्थ लावू नका, मेंदूचा बिघाड आहे तो. आदल्याच दिवशी ते टीव्हीवर हवामानाच्या बातम्या बघून रडले होते. माफी मागतोय की नुसताच गळतोय, हे काकूंना कळायला मार्ग उरला नव्हता.

दोन दिवसांनी मोजेवाली आली ती तोडगा घेऊनच. “काकू, आपल्याला ही पत्रं बंद ठेवता येतात. तुमच्या हयातीत कुणालाही दाखवायची नाहीत, असं लिहून द्या. मी बघते.”

“नको. उघडीच ठेव. फक्त माझं म्हणणंही त्यात ठेव. मला बोलायचंय.”

मोजेवालीला ते मनापासून पटलं. ती रेकॉर्डर घेऊन आली आणि काकू तीन दुपारी बोलल्या. दवाखान्यातला आठवडा, बाळाच्या वेळी कवी दोनदाच भेटायला आले ते, दाढीवाल्याचं हसणं, टॅक्सी, टाइपरायटर, कॅशच्या काउंटरवर उभं राहून सुजलेले पाय. त्या रडल्या नाहीत. एखादा हिशेब जुळवावा तशा सावकाश बोलल्या. शेवटच्या दुपारी मोजेवाली निघाली तेव्हा काकूंना कित्येक दिवसांनी सपाटून भूक लागली.

पुढच्या महिन्यात मोजेवाली आली ती दारातच घुटमळली.

“काकू, आमच्या संग्रह समितीने मुलाखत ऐकली. सर म्हणाले, फार हृद्य आहे. पण संग्रह कवींच्या कलेचा आहे ना. त्यामुळे तुम्ही टाइपरायटर कसा आणलात, शाईची फीत उलटी घालून पुन्हा कशी वापरायचात, तो भाग ते घेतायत. साधारण चार मिनिटांचा.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं वैयक्तिक आहे, म्हणतात. मी भांडले, काकू. खरंच भांडले.”

“आणि माझ्या तापाची पत्रं? ती वैयक्तिक नाहीत?”

“ती पत्रव्यवहारात येतात,” मोजेवाली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनीच मग तिला आत बसवून चहा दिला.

ग्रंथालयाने भरवलेलं कवींचं प्रदर्शन झोकात झालं. काकूंना पहिल्या रांगेत बसवलं, संचालकांनी त्यांचा ‘कवींमागची खंबीर साथ’ असा उल्लेख केला आणि टाळ्या पडल्या. काचेच्या पेटीत तापाचं पत्र मांडलं होतं. एक तरुण जोडपं ते वाचून हसत होतं. “कसला भारी माणूस असेल,” मुलगी म्हणाली. भिंतीवर ‘खातं’ होतं, खाली पाटी: आधुनिक अर्थव्यवस्थेतल्या पोकळीवरचं मार्मिक भाष्य. काकू संचालकांना गाठून म्हणाल्या, “ते बाळ आहे. आमचं.”

संचालक सौजन्याने वाकून म्हणाले, “तेही असू शकतं, काकू. चांगल्या कलाकृतीला एकच अर्थ नसतो.”

“मी एकच सोसलाय,” काकू म्हणाल्या. पण तोवर कुणीतरी संचालकांना फोटोसाठी ओढून नेलं होतं.

कागद गेले तशी कवींची खोली रिकामी झाली. काकू टाइपरायटर घरी आल्यापासून बाहेरच्या खोलीत झोपत आल्या होत्या, कारण आत यंत्र आणि कागद. आता त्यांनी आत पलंग टाकला, पडदे लावले आणि कवींची खाट बाहेर ठेवली. जेवणाच्या टेबलासमोरच्या रिकाम्या खिळ्याला त्यांनी काहीच टांगलं नाही. दुपारी त्या दार लावून पडतात. बाहेरून कवींचा घशातला आवाज येतो, पाणी हवं असतं किंवा कूस बदलायची असते. काकू उठतात, पाणी देतात, कूस बदलतात. त्यात कधी कसूर झालेली नाही. फक्त पूर्वी त्या पहिल्या हाकेला उठायच्या. आता पडून राहतात, थोडा वेळ ऐकतात, आणि मग जातात.