सोड्यात भिजलेल्या बाहुल्या

गोपिका कलाशाळेत विणकाम शिकली, पहिली आली आणि हुडकेश्वरच्या बायकांची जुनेरं मागून आणून त्यांच्या हातबाहुल्या करू लागली. गावोगाव खेळ करून घसा बसला, केस पिकायला लागले, तरी लोकांच्या लेखी ती शिवणवाली बाईच. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आज मात्र सोक्षमोक्ष लागायचा होता. धरमपेठेत सरकारी साहेब खेळ बघणार होते. पसंत पडला तर गावात कायमचं बाहुलीघर, बाहुल्यांच्या खेळाचं नाट्यगृह! बाहुल्या शेजारच्या कांताबाईकडे ठेवलेल्या असत. दुपारी त्या न्यायला गोपिका तिच्या अंगणात शिरली आणि जागीच थिजली. दोरीवर नुसते कपडे वाळत होते. कागदाच्या लगद्याची डोकी बादलीच्या तळाशी गाळ होऊन बसली होती.

"हे काय केलंत, कांताबाई?"

"सोड्यात धुतल्या. त्या म्हातारी बाहुलीच्या अंगावर माह्या सासूचं लुगडं हाय. मेलेल्या माणसाचं मळकं लुगडं चार लोकांत नेतेत का वं बाई? थे वरून पाहून राहिली असन!"

"अहो, डोकी कागदाची होती!"

"तोंड त तुमी दुसरं बनवान. सासूचं लुगडं मी दुसरं कुठून आणू?"

कापडातच माणूस असतो, हे गोपिकाच सगळ्यांना सांगत आली होती. आज तेच ऐकून तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

नवी डोकी करायला वेळच नव्हता. तिने पदरांच्या टोकांत कापूस कोंबला, गाठी मारल्या आणि तशाच बिनतोंडाच्या बाहुल्या घेऊन ती पडद्यामागे उभी राहिली. हिरव्या लुगड्यातली म्हातारी वाकली, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवू लागली, आणि सभागृहात कुणी जागचं हललं नाही. कांताबाई तर हुंदके देत होती. इतक्या वर्षांत असा खेळ झाला नव्हता. जिंकलो, असं गोपिकाला वाटलं.

खेळ संपताच ती बाहुली हातात घेऊनच पुढे आली. साहेबांनी लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"वा! काय स्वच्छ कापड, काय सुबक टाके! बाहुलीघराचं राहू द्या. तुम्हाला शिवणवर्ग मंजूर करतो. मशीनसुद्धा देतो."

कांताबाईने तिला आनंदाने कोपराने ढोसलं. "पाहा बाई! धुतलं म्हणून साहेबाच्या नजरेत भरलं."

लुगड्याच्या आत गोपिकाची मूठ रागाने आवळली गेली, तशी बिनतोंडाच्या म्हातारीने साहेबांपुढे मान खाली घातली. लोकांना वाटलं, नमस्कार केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.