बारवेसाठी पुन्हा फिरलो

मी चुन्याच्या घाणीचा दगड बोलतोय. घाटनांदूरच्या अलीकडं आमचं गाव आहे. गावाबाहेर पायऱ्यांची बारव, बारवेच्या काठाला कडूलिंब, लिंबाखाली मी. येणारी-जाणारी माणसं मला जातं समजतात. मी जातं नाही. जात्यात पीठ होतं. माझ्याखाली चुना मळतात आणि त्या चुन्यावर भिंती उभ्या राहतात. हे आधी सांगून टाकलेलं बरं.

बालाघाटच्या डोंगरातून वडारांनी मला काढलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं. चाकासारखा गोल घडवला, मधोमध भोक पाडलं आणि उतारावरून ढकलत गावात आणलं. माझ्यासाठी दगडी गोल चर बांधला. भोकातून लाकडी दांडा घातला, दांड्याला बैल जुंपला. बैल बाहेरून फिरायचा, मी चरातून. खाली चुना आणि वाळू. त्यात बेलफळाचा गर, गुळाचं पाणी, उडदाचं पाणी. गुळामुळं मुंग्या यायच्या आणि मुंग्यांपाठोपाठ पोरं. माझ्या आवाजावरून बाया सकाळची वेळ ओळखायच्या. घाणी लागली म्हणजे उजाडलं.

वेस माझ्या चुन्यात झाली. चावडी झाली. बारवेची मोठी डागडुजी झाली, तेव्हा घाणीवर सुग्रीव होता. तो गाणी म्हणत नसे, बैलाशी बोलत असे. "चल, पाटील. आज काय सुस्ती?" बैलाला पाटील म्हणायची त्याची तऱ्हा. खरे पाटील जवळून गेले की गप्प व्हायचा.

चुन्यानं त्याची बोटं फाटलेली असत. दुपारी चराच्या कडेला बसून तो भाकरी खाई. पाण्याला मात्र बारवेच्या काठाशी उकिडवा बसून ओंजळ धरी. कुणीतरी बाई वरून ओती. बहुतेक वेळा पाटलांची नवी सून, मंजुळाबाई. ज्या भिंतीचा चुना त्यानं मळला, ती भिंत पुरी झाल्यावर तिला हात लावायची त्याला मोकळीक नव्हती. हे मी रोज पाहिलं आहे.

मग सिमेंट आलं. पोत्यातून यायचं, पाणी घातलं की काम सुरू. माझा दांडा कुणीतरी सरपणाला नेला. मी चरात आडवा पडलो. माझ्यावर बसून लोकांनी तंबाखू मळली, निवडणुका लढवल्या, सोयरिकी मोडल्या. शेरडं बांधली. दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, तेव्हा बाप्ये कोयत्याला धार माझ्या अंगावर लावायचे. तिथं खोबण पडली आहे. गाव रिकामं झालं की लिंब आणि मी.

बारवेचंही तेच झालं. नळ आले. कायदा झाला तेव्हा बारव सगळ्यांना खुली झाली म्हणे. गावानं प्रत्यक्षात ती खुली केली तेव्हा कुणालाच तिचं पाणी लागत नव्हतं. मग त्या पायऱ्या कोण उतरतो?

मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात बारवेची पूर्वेची भिंत फुगली. दोन चिरे आत पडले. त्यानंतर सरकारच्या एका खात्यातून उज्ज्वला मॅडम आल्या. जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला सरकार निधी देतं. तो कोणत्या गावाला, कशासाठी, कोणत्या अटीवर द्यायचा आणि काम पुरं कसं करून घ्यायचं, हे सगळं जुळवून आणणं त्यांच्याकडं होतं. फिरून फिरून चेहरा उन्हानं रापलेला. माझ्यावर बसून डबा खायच्या आणि खाता खाता तीन गावांना फोन करायच्या.

सरपंच मोहनराव, मंजुळाबाईंचाच मुलगा, खुशीत होता. "मॅडम, कडंनी फरशी टाकू. स्टीलचं रेलिंग. रात्री निळी लाइट. लई भारी दिसंल."

"आणि हा दगड?"

"ह्याला ऑइलपेंट मारू अन् चौथऱ्यावर उभा करू. फोटो काढायला बरा."

"हा उभा करायचा नाही, फिरवायचा आहे. निधी चुन्याच्याच कामाला मंजूर झालाय. सिमेंट दिसलं तर पुढचा पैसा येणार नाही."

त्या दिवसापासून ती बाई मला पसंत आहे.

मंजुरी आली दिवाळीनंतर. खड्डे काढून चुना भिजत घातला. चर साफ झाला, नवा दांडा आला. चुना मुरेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. घाणी लावायची त्या दिवशी सगळे जमले आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, गावात धडधाकट बैल नाहीत. जे होते ते गाड्यांसकट साखर कारखान्यावर गेले होते. म्हशी होत्या, पण दुभती म्हैस घाणीला कोण देणार?

ठेकेदारानं ट्रॅक्टर जोडला. ट्रॅक्टरला एवढ्या लहान गोलात वळता येईना. तो सरळ गेला आणि दांडा मोडला. मी जागचा हललो नाही. पोरं हसली.

तयार चुना बाहेरून आणायचा तर नवीन मंजुरी हवी होती, ती मार्चच्या आत मिळणार नव्हती. मार्चनंतर निधी परत जाणार होता. आणि पुढचा पाऊस ती भिंत ठेवणार नव्हता.

गावात एकच बैल उरला होता. हरण्या. सुग्रीवचा मुलगा शहादेव, त्याचा. शहादेव आणि त्याची बायको भिमाबाई जन्मभर ऊस तोडायला गेली. आता गुडघे गेले, म्हणून घरी असतात. बैलही एका डोळ्यानं अधू, म्हणून घरी. बौद्धवाड्यातलं पहिलं घर त्यांचं, माझ्यापासून रस्त्यापलीकडं. तिथलं बोलणं मला ऐकू येतं.

मोहनराव मॅडमना घेऊन दारात गेला. "शहादेवमामा, हरण्या द्या की थोडे दिवस."

"कावून?"

"घाणीला. गावात दुसरा बैल न्हाई."

भिमाबाई तांदूळ निवडत होती. "त्याला एकच डोळा हाय, सरपंच. गावाकडची बाजू दिसत न्हाई त्याला. म्हणून सुखात हाय."

मोहनराव हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा थांबला.

शहादेव म्हणाला, "माझ्या बापानं ह्या बारवंचा चुना मळला. पाणी ओंजळीत घेतलं. आता भित पडाय लागली तवा आमचं घर दिसलं तुमाला."

"मामा, ते माझ्या जन्माच्या आधीचं हाय."

"माझ्या जन्माच्या नंतरचं हाय."

मोहनराव पायानं माती उकरत राहिला आणि मग निघून गेला. मॅडम थांबल्या. त्यांनी पूर्वजांचं, वारशाचं काही काढलं नाही. म्हणाल्या, "बैल तुमचा आहे. नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारायला येणार नाही."

"तुमचं काय जाईल?"

"माझं एक गाव कमी होईल. दुसरी गावं रांगेत आहेत. भिंत तेवढी जाईल."

भिमाबाईनं सूप खाली ठेवलं. "घाणीला पाणी कुठलं घालणार?"

"टँकरचं."

"बारवंत पाणी असताना?"

"काढणार कोण? पायऱ्या शेवाळल्यात."

"मी काढीन. माझ्या घागरीनं." मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "तसं असंल तर बैल न्या."

शहादेव म्हणाला, "तुझे गुडघे?"

"माझे हाईत."

"इतक्या वर्षांत कवा उतरली न्हाईस. आता तर कुणी अडवत बी न्हाई."

"अडवत न्हाईत. बोलावलं कुणी?" आणि मॅडमना म्हणाली, "सरपंचांच्या घरून बोलावणं येऊ द्या. मग उतरते."

मॅडमनी हा निरोप पोचवला. अटींत न बसणारी ही एकच अट त्यांनी मान्य केली असावी.

दुसऱ्या दिवशी मोहनराव आला नाही. त्याची आई आली. मंजुळाबाई, काठी टेकत. भिमाबाईच्या दारात उभी राहिली. आत बोलावलं तरी गेली नाही.

"भिमा, चल. पाण्याला उतरू."

भिमाबाई घागर घेऊन बाहेर आली. दोघी माझ्यासमोरून गेल्या. काठाशी मंजुळाबाई म्हणाली, "कुठली पायरी हलती ते मला ठाऊक हाय. माझ्या मागं ये."

"तुमी व्हा पुढं. पण घागरीला हात लावू नका."

मंजुळाबाईनं पहिल्या पायरीवर काठी टेकली. मग म्हणाली, "न्हाई लावत."

आणि खरंच लावला नाही. वर येताना भिमाबाई दोनदा थांबली, घागर कमरेवरून खांद्यावर घेतली, दम खाल्ला. मंजुळाबाई काठीवर भार देऊन मागं उभी राहिली. वर आल्यावर भिमाबाई आधी एक ओंजळ स्वतः प्याली. उरलेलं चरात ओतलं.

मोडलेल्या दांड्याच्या जागी दुसरा बसवला होता, त्याला शहादेवनं हरण्या जुंपला. बैलाला घाणी माहीत नव्हती. पहिल्यांदा तो लिंबाकडं निघाला. शहादेव त्याच्या कानाशी जाऊन काही म्हणाला. बापासारखंच हळू. काय ते मी सांगणार नाही. मग तो वळला आणि त्याच्याबरोबर मी वळलो.

इतक्या वर्षांनी फिरताना पहिल्या फेऱ्याला सगळं अंग करकरलं. चुना खाली गार होता. गूळ पडला आणि मुंग्या आल्या. पोरं आली. त्यांना वाटलं हे काहीतरी नवीनच आहे.

पूर्वेची भिंत मार्चच्या आत उभी राहिली. पायऱ्यांचं काम राहिलं. त्याचा निधी परत गेला. उज्ज्वला मॅडमनी पुन्हा मागणी केली आहे. जाताना चराच्या कडेला बसून डबा खाल्ला आणि म्हणाल्या, "बघू." खात्यातल्या माणसाच्या तोंडी बघू म्हणजे काय, ते मला कळत नाही. मी शिकलेला नाही.

आता मी चरात उभा आहे. पोटाला चुना लागलेला आहे, तो कुणी धुऊ नये. थोडा चुना खड्ड्यात उरला आहे. ओला ठेवला तर तो टिकतो, उलट जास्त मुरतो. वाळला की गेला. म्हणून भिमाबाई रोज हलत्या पायरीवरून उतरते, एक घागर काढते आणि त्या खड्ड्यात ओतते. मंजुळाबाई काठावर बसून असते. दोघी फारसं बोलत नाहीत.

हरण्या लिंबाखाली रवंथ करतो. त्याचं वय झालंय. उठताना पुढचे पाय थरथरतात.

निधी देणारी माणसं हे ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगणं आहे. पायऱ्या राहिल्या आहेत. मी कितीही वर्षं थांबेन, मला सवय आहे. चुनाही थांबेल. बैल थांबणार नाही, आणि घागर काढणारीही. लवकर या.