दोरीच्या टोकाला हरिबा

मी छताला टांगलेला पंखा बोलतोय. विजेचा नव्हे हो, दोरीचा. लोहाऱ्याकडच्या जहागीरदार नारायणरावांच्या हवेलीतला. सागवानी दांडी, तिला जाड कापडाची झूल, खाली लाल झालर. जळकोटच्या सुतारानं मला घडवलं, तेव्हापासून मी ऐटीतच आहे. ऐट कसली, आयत्या बिळावर नागोबा!

माझी दोरी भिंतीतल्या भोकातून मागच्या ओसरीत जाई. तिथं हरिबा बसे, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. त्यानं पाय हलवला की मी हले. आत नारायणराव घोरत, पाहुणे पान चघळत माझं कौतुक करत. बाहेर हरिबा घामानं निथळत असे. त्याची बायको इरम्मा भाकरी घेऊन येई. दिवाणखान्यात यायची दोघांनाही बंदी. "एक डाव तुला त्या वाऱ्याखाली बसवीन," असं तो तिला म्हणायचा. मला हसू यायचं.

निजामी गेली, जहागिरी गेली, नारायणराव हैदराबादला गेले. पुढं हवेलीचं संग्रहालय झालं. येणाऱ्याजाणाऱ्यानं ओढू नये म्हणून माझी दोरी आतून कापून टाकली, बाहेरचं टोक तसंच लोंबत राहिलं. उद्घाटनाला पुढारी म्हणाले, ही हवेली आता तुमचीच. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, खरं मानलं ते एकट्या हरिबानं.

बाजारच्या दिवशी तो इरम्माला घेऊन आला. आणि काय केलं त्या खुळ्यानं? सरळ आत यायचं की नाही! तिला तेवढं पुढच्या दारानं धाडलं, अन् स्वतः सवयीनं मागच्या ओसरीत जाऊन बसला.

इरम्मा माझ्याखाली फरशीवर बसली, पदर सावरला, तोंड वर केलं. भोकातली दोरी सळसळत बाहेर गेली. मी जागचा हललो नाही. उभ्या जन्मात मला इतकी लाज वाटली नव्हती. वरच्या झरोक्यातून दिसत होतं, कापलेलं टोक हरिबाच्या मांडीवर येऊन पडलं. तो त्याच्याकडं नुसता बघत राहिला.

शिपाई आला. इथं बसायचं नाही, नुसतं बघायचं, असं सांगून त्यानं इरम्माला उठवलं. ती ओसरीत गेली. तिची चाहूल लागताच हरिबानं दोरी धोतराखाली दडपली.

"लागलं का वारं?" त्यानं विचारलं.

"लागलं की. लई गार," इरम्मा म्हणाली, आणि कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

दोघं परत कधी आली नाहीत. माझ्याखाली पाटी आहे, 'जहागीरदारांचा पंखा'. लोक माना वर करून बघतात, काय थाट होता म्हणतात. बाबांनो, थाट बघून झाला की जरा मागच्या ओसरीत जा. टेकून टेकून हरिबाच्या पाठीचा तेलकट डाग भिंतीवर पडलाय, चुना मारूनही जात नाही. तो बघा. माझ्यात बघण्यासारखं काही नाही. मी कुणाला कधी वारा घातलेलाच नाही.