मोगरीचं डोहाळजेवण

मित्रांनो, मी एक म्हातारं खेचर आहे. त्यात सांगण्यासारखं काय, असं म्हणाल. अहो, हे मलाच ठाऊक नव्हतं! ऐन उमेदीत मी स्वतःला घोडी समजत होते आणि खरं काय ते कळलं माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणात. आजही आठवलं की कान ताठ होतात.

माझा जन्म वाणगावजवळच्या एका वीटभट्टीवरचा. आई घोडी. तिथं विटा वाहणारं एक गाढव होतं. ते येता-जाता मला हुंगायचं आणि आई त्याला कधी लाथ मारत नसे. त्याचा अर्थ मला तेव्हा कुठला कळायला! केळव्याच्या कमलाकांतनं मला आईजवळ पाहिलं आणि घोडीचं शिंगरू म्हणून घरी आणलं. नाव ठेवलं मोगरी.

कामाला मी वाघीण हो! शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे टांग्यात बसवून मी किनाऱ्याच्या वाळूतून पळायचे. बाकीचे घोडे धापा टाकायचे, मी नाही. माझ्या लांब कानांना कोणी हसलं की कमलाकांत छाती फुगवून सांगायचा, "खानदानी कान हायत!" माझं खिंकाळणं सुरू व्हायचं घोडीसारखं आणि शेवटी भलतीकडेच जायचं. तेही त्याला खानदानीच वाटायचं.

त्याची बायको आनंदी माझ्यावर जीव टाकायची. तिला मूलबाळ नव्हतं. देव झाले, डॉक्टर झाले. पुढे पुढे तिनं गावातल्या बारशांना जाणंच सोडून दिलं. दुपारी माझ्या पाठीवर खरारा करताना ती मनातलं सगळं मला सांगायची.

मग कमलाकांतनं मनावर घेतलं, मोगरीला शिंगरू हवं. माझ्यामागे टांगा कोण ओढणार? शेजारच्या हितेशच्या घोड्याशी माझी गाठ घालून दिली, एकदा नाही, चांगली दोन-तीनदा. काही होईना, तसा कमलाकांत चिडला. "आता नाय झालं तर हिला परत भट्टीवर धाडीन," म्हणाला. विटांचं ओझं मी लहानपणी पाहिलं होतं, आणि त्या ओझ्याखाली बसलेली जनावरंही.

आणि काय आश्चर्य, माझं पोट सुटलं! घरात दिवाळी. आमच्याकडे गाभण गाईचं डोहाळजेवण करतात, मग घोडीचं का नको? आनंदीनं नारळीखाली पंगत मांडली. स्वतःच्या डोहाळजेवणासाठी घेऊन ठेवलेली, घडीसुद्धा न मोडलेली हिरवी साडी तिनं माझ्या पाठीवर घातली. बायकांनी गाणी म्हटली. एका वाटीखाली पेढा, एकीखाली बर्फी, असं माझ्यापुढे ठेवलं. मी दोन्ही वाट्या उलथून दोन्ही खाल्लं. "जुळं गो बाय, जुळं!" सगळ्या हसल्या.

पालघरहून जनावरांच्या डॉक्टर दीपिका आल्या होत्या. त्यांनी मला तपासलं. कान पाहिले, दात पाहिले, पुन्हा पोट चाचपलं.

"काका, ही गाभण नाही. पोटात जंत झालेत. आणि ही घोडी नाही हो, खेचर आहे. आई घोडी, बाप गाढव."

गाणं जागच्या जागी थांबलं. मी तर सुन्न! ते भट्टीवरचं गाढव माझा बाप?

"पण शिंगरू?" आनंदीनं विचारलं.

"घोड्याची गुणसूत्रं चौसष्ट, गाढवाची बासष्ट. हिला आईकडून बत्तीस मिळाली, बापाकडून एकतीस. पिल्लू व्हायचं तर त्यांच्या जोड्या जुळाव्या लागतात. हिच्यात एक उरतं आणि बाकीचीही नीट जुळत नाहीत. लाखांत एखादीला झालंही असेल, पण त्या आशेवर राहू नका. यात हिचा काही दोष नाही."

"म्हणजे वांझच की!" पंगतीतून कोणीतरी म्हणालं.

शरमेनं कमलाकांत लालबुंद झाला. "उद्याच भट्टीवर सोडून येतो. वांझ जनावर दारात कशाला?"

आनंदीनं कधी आवाज चढवल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं तो चढवला नाही. "मग दोघींना सोडून या," ती म्हणाली. "मीपण तसलीच हाय."

कमलाकांत उठला. माझ्या पाठीवरची साडी त्यानं उचलली, झटकली आणि आनंदीच्या खांद्यावर घातली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पंगत वाढा. दोघी हितंच राहतील."

आता टांगा सुटला, मी वाडीत चरते. आनंदी ती साडी नेसून गावातल्या प्रत्येक बारशाला जाते. मित्रांनो, जनावराला जंताचं औषध वेळेवर द्या, आणि तो एक शब्द कोणालाही म्हणू नका, जनावरालासुद्धा नको. मुक्या जीवाला काय कळतं, असं लोक म्हणतात. मला त्या दिवशी तो शब्द पुरता कळला. तो उच्चारला गेला तेव्हा आनंदीचा हात माझ्या मानेवर होता.