दृश्य सातवे: अंगणातले पाणी

टाबिआमावशीच्या बाबाईच्या खड्ड्यातले पाणी अकरा ऑक्टोबरला गोड होते आणि एकोणीस ऑक्टोबरला खारट. मधल्या आठ दिवसांत वादळ झाले नाही, आणि एकाही भरतीचे पाणी गावाच्या बांधाखालच्या खुणेपर्यंतसुद्धा चढले नाही.

पाणी तपासणे ही माझी नोकरी आहे. बेटाच्या वाळूखाली पावसाचे गोडे पाणी साचून राहते; तिथवर खड्डा खणायचा आणि त्यात बाबाईचे कंद वाढवायचे. मावशीचा खड्डा तिच्या आजीने खणलेला. दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरू नये, तो कंदांना काय घालतो हे विचारू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. म्हणून एकोणीस तारखेला मावशी स्वतःच बाटली भरून घेऊन आली.

“चाखून बघ.”

“मावशी, मीठ मोजायला मीटर आहे.”

“मीटरला जीभ असते का?”

मीटरने तिच्या जिभेचेच म्हणणे आकड्यांत सांगितले. ती म्हणाली, “एवढंच सांग. समुद्र आत शिरला असेल तर मुलगा म्हणतो तशी राजधानीला, तारावाला जाऊन राहते. नसेल तर पाऊस धुऊन काढेल. मी थांबते.”

भरतीचे तक्ते माझ्या समोरच्या भिंतीवर लावलेले होते. मी ते पाहिले नाहीत. अहवालात लिहिले : ‘समुद्राच्या पाण्याचा शिरकाव, बहुधा पातळी वाढल्यामुळे.’ जो तो तेच सांगत होता. तिला वाचून दाखवताना ‘बहुधा’ हा शब्द मी गाळला.

नोव्हेंबरात कंद कुजले. नऊ वर्षे नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला सर्वांत मोठा कंद उपटताना हातातच विरघळला. मावशीने डिसेंबरच्या बोटीत जागा सांगून ठेवली.

ही नात म्हणजे रोटिया. तारावाच्या कॉलेजात ती चित्रपट करायला शिकते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीन सोबत्यांसह ती गावात आली होती. आजीच्या घरावर नऊ मिनिटांचा लघुपट, हा तिचा अभ्यासक्रमातला प्रकल्प. एकेका दृश्याचे चित्र काढलेली वही दाखवून तिने मला विचारले होते, “मामा, वर्षातली सगळ्यात मोठी भरती कधी?”

“फेब्रुवारीत.”

“प्रकल्प तर ऑक्टोबरअखेर द्यायचाय. समुद्राला सांगा ना, जरा लवकर ये म्हणावं.”

मी हसलो होतो.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी रोटियाने गावात येऊन तो लघुपट सभामंडपात दाखवला. सातव्या दृश्यात मावशीचे अंगण घोट्याभर पाण्यात होते आणि त्यावर एक चटई तरंगत होती. मावशी माझ्या शेजारी बसली होती. “बघ,” ती कुजबुजली, “मी तीन दिवस पलीकडच्या गावात प्रार्थनेला गेले, तेवढ्यात समुद्र आला. चोर मेला.”

मी मात्र घराच्या मागे पाहत होतो. तिथे किनाऱ्यावर एक होडी कोरड्या वाळूत कलंडून पडलेली होती. अंगणात पाणी होते आणि समुद्राला ओहोटी.

सोमवारी मावशीची परवानगी घेऊन मी खड्ड्यात उतरलो. घराकडच्या कोपऱ्यात मीटरने मिठाचा आकडा नऊ हजार दाखवला, समुद्राकडच्या कोपऱ्यात दोन हजार. समुद्रातून झिरपलेले मीठ समुद्राच्या बाजूलाच कमी भरत नाही.

वर आलो तर रोटिया अंगणात कॅमेरा पेटीत ठेवत होती.

“पंप कुणाचा होता?” मी विचारले.

“कसला पंप?”

“ओहोटीला अंगणात पाणी आणणारा.”

तिने पेटीचे झाकण लावले. “रस्त्याच्या कामावरचा. पंधरा तारखेला दोनच तास चालवला, मामा. वाळूनं सगळं पिऊन टाकलं, पुसायलासुद्धा लागलं नाही.”

“प्यायली, आणि खाली खड्ड्यात नेऊन ओतलं.”

ते लक्षात येताच तिचा आवाज चढला. “पण समुद्र येणारच आहे ना? तुम्हीच शाळेत येऊन सांगायचात. मी खोटं काय दाखवलं?”

“तारीख.”

“वाळूखालून पाणी कुठं जातं हे मला कुणी सांगितलं? विचारलं की आजीचं एकच, घरातली विद्या आहे, लग्न झाल्यावर सांगेन.”

“आता तू तिला सांग.”

“परदेशात, सुवाच्या चित्रपट महोत्सवात निवड झालीय, मामा. बुधवारी विमान आहे. आता हे बाहेर पडलं तर...”

“शनिवारी तिची बोट आहे.”

बुधवारी विमान गेले. रोटियाने काही सांगितले नव्हते. गुरुवारी मी सांगितले. मावशी चटई विणत होती. तिने हात थांबवला नाही.

“म्हणजे समुद्र नव्हता?”

“नव्हता.”

“दोन महिने त्याला शिव्या घातल्या मी.” मग तिने विचारले, “खड्डा धुऊन निघायला किती लागतील?”

“पाऊस चांगला झाला तर दोन वर्षं.”

“आणि पुढं कंदाला नऊ. मी चौऱ्याहत्तरची आहे.” तिने विणीतली एक पात ओढून घट्ट केली. “तू अहवाल वाचून दाखवलास तेव्हा कोंब जिवंत होते. भावाच्या खड्ड्यात नेऊन लावले असते. समुद्र आला म्हणालास, मग म्हटलं, आज माझ्याकडे तर उद्या त्याच्याकडे. कशाला लावायचे?”

शनिवारी ती गेली.

आधीचा अहवाल मी खोडला नाही. त्याखाली तारीख घालून लिहिले : ‘खड्डा खारट होण्याचे कारण, पंधरा ऑक्टोबरला लघुपटाच्या सातव्या दृश्यासाठी पंपाने अंगणात दोन तास सोडलेले समुद्राचे पाणी. कोंब न वाचण्याचे कारण, वरील अहवाल.’